सत्तेचाळीस टॉवेल आणि एक काळी गाडी

संतरामनं गाडी घेतली ती काळी घेतली, आणि ती घेऊ नये असं त्याला घरातून आधीच सांगण्यात आलं होतं. पुण्याला नोकरी करणारा थोरला रुद्र फोनवर म्हणाला, की काळ्या रंगावर बोट फिरवलं तरी दिसतं. हिंगोलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली प्रियंका म्हणाली, की काळा रंग ऊन शोषतो, उन्हाळ्यात आत भाकरी भाजता येईल. संतरामच्या बायकोला, मंजुळाबाईला, कोणी विचारलं नाही म्हणून ती काही म्हणाली नाही. संतरामनं दोन्ही लेकरांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि दसऱ्याला नांदेडहून काळीच गाडी आणली. ज्या मोठ्या साहेबांच्या हातून त्याचा ‘प्रगतिशील शेतकरी’ म्हणून सत्कार झाला होता, ते साहेब काळ्या गाडीतून उतरले होते. विषय संपला.

गाडीत पाच जणांची सोय होती, पण त्यातल्या एका जागेचा मान वेगळा होता. चालवणाऱ्याच्या शेजारची सीट पुरुषाची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण शिरड शहापुरात ते लहान लेकरालाही ठाऊक होतं. बाईमाणूस मागं, पिशव्यांसोबत. मंजुळाबाई पाच महिने मागं बसली. पाच महिन्यांत तिला नवऱ्याची मान, सीटची पाठ आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या चुलतदीर ग्यानोबाची टोपी, एवढाच मुलूख पाहायला मिळाला. ग्यानोबाला गाडीत बसलं की झोप लागायची. फाट्यावर बसायचा, दुसऱ्या वळणाला घोरायचा, जवळा बाजार हे बाजाराचं गाव आलं की उठून म्हणायचा, “लवकर आलो की.” देशातली सगळ्यात चांगली खिडकी त्या माणसाला झोपण्यासाठी दिलेली होती.

एकदा बाजाराला निघताना पुढची सीट रिकामी होती. मंजुळाबाई सरळ पुढच्या दाराकडं गेली.

“काय करून राहिली?” संतरामनं विचारलं.

“बसून राहिले.”

“मागं बस की.”

“पुढं कोण हाय?”

“आता कोणी न्हाई. पण वाटंत कोणी भेटलं तर?”

मंजुळाबाई मागं बसली. जो माणूस अजून भेटलाच नव्हता, त्याच्यासाठी राखलेली रिकामी जागा बघत ती फाट्यापर्यंत गेली. फाट्यावर ग्यानोबा भेटला. तो भेटायचाच.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. सोन्याचं काही नको, तीर्थाला जायचं नाही. एकदा पुढं बसून जवळा बाजारला जायचं. मागायची तिला लाज वाटत नव्हती. पण मागितलं की संतराम हसणार, आणि गावभर सांगणार, हे तिला माहीत होतं.

गाडी धुण्याचं काम संतराम स्वतः करायचा. ज्या माणसानं पंचवीस वर्षांत जेवलेलं ताट उचलून मोरीत ठेवलं नव्हतं, तो सकाळी सहाला पाइप हातात धरून उभा राहायचा. येणारेजाणारे थांबायचे. संतराम त्यांच्याकडं पाठ करून, पण त्यांना दिसेल असा, गाडी धुवायचा. धुवून झालं की हाक यायची, “टावेल आण गं!”

आता या टॉवेलांबद्दल सांगायला पाहिजे. आपल्याकडं लग्नात, वास्तुशांतीला, बारशाला, कशालाही गेलं की पाहुण्याला टॉवेल-टोपीचा आहेर होतो. हा टॉवेल अंग पुसण्यासाठी नसतो, तो देण्यासाठी असतो. जवळ्याच्या लग्नात मिळालेला टॉवेल वसमतच्या लग्नात द्यायचा, वसमतचा औंढ्याला. म्हणून तो कधी धुवायचा नाही, कारण धुतला की त्याची घडी मोडली, आणि घडी मोडलेला टॉवेल कोणाच्या खांद्यावर टाकता येत नाही. मंजुळाबाईच्या लोखंडी पेटीत असे सत्तेचाळीस टॉवेल होते. गाडी येईपर्यंत त्यांपैकी कोणत्याही टॉवेलानं एक थेंब पाणी पाहिलेलं नव्हतं. पाहिले होते ते मांडव. टोप्या दुसऱ्या पेटीत होत्या. त्यांनी गाडी पुसता येत नव्हती, नाहीतर त्यांचाही नंबर लागला असता.

संतरामला या पेटीचा अभिमान होता. “नवीकोरी गाडी, नवाकोरा टावेल,” तो म्हणायचा. “वापरलेलं फडकं माझ्या गाडीला लावायचं न्हाई.” पेटीतला टॉवेल काढायचा, झटकायचा आणि बॉनेटवर गोल गोल फिरवायचा, जशी बाई चुलीपुढची जमीन सारवते तसा. सगळी गाडी झाली की शेवटचा हात सत्काराच्या टॉवेलाचा. हा मोठ्या साहेबांनी स्वतः त्याच्या खांद्यावर टाकलेला. पांढरा, कडक, उभा केला तर उभा राहील असा. एका काठावर जरीच्या दोऱ्यानं ‘सस्नेह भेट’ अशी अक्षरं भरलेली. या टॉवेलाला मंजुळाबाईनं हात लावलेला संतरामला चालत नव्हता. तो देवघराच्या खुंटीवर असायचा, आणि देवांना त्याच्यामुळं जरा सरकून बसावं लागलं होतं.

मार्च महिन्यात, शेतात हळद शिजवायचं काम चालू असताना, एका सकाळी संतराम ओरडला. मंजुळाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. ग्यानोबा चहाला आलेलाच होता, तोही कपबशी घेऊन आला.

गाडी उन्हात उभी होती. बॉनेटवर सूर्य चमकत होता, आणि त्या चमकेभोवती कोळ्यानं जाळं विणावं तशा बारीक गोल रेघा उमटल्या होत्या. हजारो. डोकं हलवलं की जाळंही सोबत सरकायचं.

“हे कोणी केलं?” संतराम म्हणाला.

कोंबड्यांची नावं निघाली. शेजारच्या मांजरीचं नाव निघालं. मग संतराम डावीकडच्या पुढच्या दाराशी गेला. तिथं हँडलजवळ एक चांगली बोटभर लांब, सरळ, पांढरी रेघ होती. तिच्यावर त्यानं बोट ठेवलं आणि मंजुळाबाईच्या हाताकडं पाहिलं. हातात बांगड्या होत्या. त्या लग्नापासून होत्या.

“ह्या बांगड्या,” तो म्हणाला.

“काय बांगड्या?”

“गाडीला टेकती तू. चढताना टेकती, उतरताना टेकती. सगळी गाडी खरवडून ठेवली. आजपासून गाडीपासून दोन हात लांब राहायचं.”

“अन् बाजाराला?”

“यष्टी हाय की.”

ग्यानोबानं चहाचा घोट घेतला. “वैनी, दादाचं बराबर हाय. बांगडी म्हंजी काचच की.”

पुढच्या सीटचं दूरच, आता मागचीही गेली होती. मंजुळाबाईनं बॉनेटकडं पाहिलं. तिनं आयुष्यभर पितळ घासलं होतं, स्टील घासलं होतं, समई घासली होती. कशानं काय ओरखडतं हे तिच्या बोटांना कळत होतं.

“अन् माझ्या बांगड्यांनी झालं नसंल तर?”

“मंग कशानं झालं?”

“ते दावते मी. पण दावलं तर?”

“तर काय म्हणशील ते.”

“मंग मी पुढं बसणार. बाजाराला जाताना बी अन् येताना बी.”

संतराम हसला. मोठ्यांदा हसला, ग्यानोबाकडं बघत हसला. “बस. ग्यानोबाच्या म्होरं सांगतो, बस. मांडी घालून बस.”

ग्यानोबाही हसला, पण जरा कमी. जागा त्याची जाणार होती.

शनिवारी प्रियंका हिंगोलीहून आली. आईनं तिला चहासुद्धा होऊ दिला नाही, सरळ गाडीपाशी नेलं. प्रियंका गाडीभोवती एक फेरी मारून आली, खाली वाकली, पायाच्या बोटांवर उभी राहिली.

“माय, तुझा हात टपावर पोचतो का?”

“न्हाई.”

“टपावर बी गोल रेघा हायेत. बांगडी टेकल्यावर गोल रेघ येत न्हाई, अन् इतक्या सारख्या तर येतच न्हाई. हे हात फिरवून झालंय. अप्पा पुसतेत कसं?”

मंजुळाबाईनं हवेत गोल गोल हात फिरवून दाखवला.

“झालं तर,” प्रियंका म्हणाली.

“ते तर मलाबी ठावं हाय. पण तुझ्या बापाला कसं पटवायचं? त्येला वाटतं, नवा टावेल म्हंजी साफ टावेल.”

प्रियंकानं पेटी उघडायला लावली. वरचा टॉवेल घेऊन तिनं तो काळ्या पाटीवर झटकला. पाटीवर पडलं ते पुढीलप्रमाणे: पिवळ्या अक्षतांचे तीन दाणे, थोडी साखर, एका मांडवाची वाळू आणि बारीक पांढरी पूड. पूड खळीची होती. दुकानात टॉवेल जाड आणि भारदस्त वाटावा म्हणून त्याला खळ देतात. धुतल्यावर ती जाते, पण धुणार कोण? तिनं तर्जनी आणि अंगठा पाटीवर चोळला. करकर आवाज आला. दातांना जाणवेल असा.

“हे अप्पा रोज गाडीवर चोळून राहिलेत,” ती म्हणाली. “कापड न्हाई ओरखडत, माय. कापडात अडकलेला खडा ओरखडतो.”

“मंग कोणता टावेल चांगला?”

“ते करून बघू. गाडीवर न्हाई. गाडीपेक्षा नरम काहीतरी पाहिजे. त्याच्यावर रेघ आली न्हाई, तर गाडीवर येणारच न्हाई.” तिनं घरात इकडंतिकडं पाहिलं आणि टीव्हीच्या खालचा खण उघडला. “सीडीची पाठ. बराबर.”

घरात सीड्या दोनच होत्या आणि दोन्ही सत्काराच्या. फोटोवाल्यानं दोन प्रती दिल्या होत्या, एक बघायची आणि एक जपायची. बघायची सीडी आल्यागेल्याला दाखवून पाठ झालेली होती. साहेब कोणत्या वाक्याला खोकतात हे ग्यानोबालाही सांगता येत होतं.

“जपायची घे,” मंजुळाबाई म्हणाली. “ती कोणी बघत न्हाई.”

संतराम शेतात होता. माय-लेकी ओसरीवर बसल्या. प्रियंकानं स्केचपेननं सीडीच्या चकचकीत बाजूचे सहा भाग पाडले. प्रत्येक टॉवेलाचा एक कोपरा भिजवून पिळायचा, सीडीवर ठेवायचा, त्यावर अर्ध्या किलोचं लोखंडी वजन ठेवायचं आणि वजनासकट वीसदा पुढं-मागं ओढायचं.

“वजन कशाला?” मंजुळाबाईनं विचारलं.

“हातानं दाबलं तर तू अप्पांच्या टावेलाला जास्त दाबशील.”

“दाबीन की.”

“म्हणून.”

पेटीतला टॉवेल वीसदा फिरला आणि सीडीच्या पहिल्या भागावर पिंजारल्यासारखी रेघांची झुलपं उठली. तसाच दुसरा टॉवेल प्रियंकानं आधी तीन पाण्यातून काढला आणि मग फिरवला. रेघा पुष्कळ कमी, पण दोन खोल. तिनं टॉवेल उलटून पाहिला. काठाची शिलाई नायलॉनच्या दोऱ्याची होती, बोट फिरवलं तर टोचणारी. तिसऱ्यांदा काठ वर दुमडून फिरवला, त्या दोन रेघा गेल्या.

सत्काराचा टॉवेल देवघरातून मंजुळाबाईनं आणला. तिनं आधी देवांकडं पाहिलं. देवांनी हरकत घेतली नाही. ‘सस्नेह भेट’ वीसदा पुढं-मागं गेलं, आणि वजन उचललं तेव्हा प्रियंका नुसतं “अगं माय” म्हणाली. जरीनं असं काम केलं होतं, की त्या भागात तोंड दिसायचं बंद झालं.

आता मंजुळाबाईची पाळी. आपलं पंधरा वर्षं नेसलेलं, लोण्यासारखं मऊ झालेलं जुनं लुगडं जिंकणार याबद्दल तिला काही शंकाच नव्हती. तिनं ते स्वतः भिजवलं, स्वतः पिळलं. वीसदा फिरवलं. रेघा आल्या. फार नाहीत, पण आल्या.

“पुन्हा कर,” ती म्हणाली.

“एकदाच करायचं, माय.”

“काहून पण? किती नरम हाय, बघ तरी.”

“नरम हाय, पण सपाट हाय. खडा आला तर त्येनं जायचं कुठं? कापडाच्या अन् सीडीच्या मधीच राहतो, अन् घासत बसतो.”

मंजुळाबाईला ते पटलं, पण आवडलं नाही. तिनं लुगड्याची घडी जरा जोरातच घातली.

सहावा भाग उरला होता आणि पेटीतले बाकीचे टॉवेल पहिल्यासारखेच होते. प्रियंकानं अंगणात पाहिलं. दोरीवर, सावलीच्या बाजूला, संतरामचा अंग पुसायचा टॉवेल वाळत होता. तो नांदेडहून आणलेला जाड टर्किश. संतरामची कातडी नाजूक होती. खरखरीत काही लागलं की पाठीवर पुरळ उठायचं. म्हणून हा टॉवेल तीन वर्षं मंजुळाबाई हातानं धुवत होती, साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळत होती, कडक होऊ नये म्हणून सावलीत वाळवत होती. काठ विरला तेव्हा तिनं तो कापून मऊ सुती दोऱ्यानं हातशिलाई घातली होती. घरात दुसऱ्या कोणी त्याला शिवायचं नाही असा नियम होता.

“हा?” प्रियंका म्हणाली.

“मारील तो आपल्याला.”

“कोपराच घेऊ.”

कोपरा वीसदा पुढं-मागं गेला. वजन उचललं. दोघींनी सीडी उन्हात धरली, तिरपी केली, सरळ केली, पुन्हा तिरपी केली. रेघ नव्हती. त्या एका भागात मंजुळाबाईला आपला डोळा पापणीच्या केसासकट दिसला.

संतराम शेतातून आला तेव्हा त्याची बोटं हळदीनं पिवळी होती आणि ग्यानोबा बरोबर होता. मंजुळाबाईनं दोघांना पाणी दिलं, मग सीडी दिली.

“हे काय हाय?”

प्रियंकानं सांगितलं. कोणता भाग कोणत्या टॉवेलाचा, वजन किती, फेरे किती. संतराम ऐकत होता तो मध्येच थांबला. त्यानं सीडी उलटी केली. वर त्याचाच फोटो होता, खांद्यावर टॉवेल असलेला.

“ही कोणची सीडी?”

माय-लेकींनी एकमेकींकडं पाहिलं.

“जपायची?”

“जपूनच वापरली,” मंजुळाबाई म्हणाली.

“दादा, पोरीनं काहीतरी हातचलाखी केली असंल,” ग्यानोबा म्हणाला. “कालेजात शिकवतेत तसलं.”

“मग तुमीच बघा, काका,” प्रियंका म्हणाली. “खाली नंबरपाटीच्या मागं बोटभर जागा हाय, कोणाला दिसत न्हाई. तिथं अप्पांनीच सत्काराचा टावेल फिरवावा. दहाच येळा.”

संतराम गाडीमागं उकिडवा बसला. आपल्या सत्कारावर विश्वास असलेल्या माणसासारखा बसला. दहादा टॉवेल फिरवला, हात काढला, आणि बराच वेळ उठला नाही. ग्यानोबा वाकून पाहायला गेला आणि तोही उकिडवा झाला.

“जरीनं आलं,” ग्यानोबा हळूच म्हणाला.

“दिसून राहिलंय मला,” संतराम म्हणाला.

“पण ती दारावरची सरळ रेघ?” संतराम एकदम उठला. त्याला तेवढा एक आधार उरला होता. “हँडलपाशी! ती गोल न्हाई. ती बांगडीचीच हाय.”

“कोणत्या दारावर हाय?” मंजुळाबाईनं विचारलं.

“पुढच्या.”

“पुढच्या दाराला मी पाच महिन्यांत हात लावला का? तुमीच लावू दिला न्हाई. त्या दाराला कोण हात लावतं?”

सगळ्यांनी ग्यानोबाकडं पाहिलं. ग्यानोबानं उजवा हात पाठीमागं नेला. त्या हातात पुष्कराजाची अंगठी होती. ग्रह शांत राहावेत म्हणून एका ज्योतिषानं घालायला सांगितलेली, टोकदार, उंच बैठकीची.

“दार जरा घट्टच हाय, दादा,” तो म्हणाला. “ओढावं लागतं.”

संतराम ओसरीवर बसला. त्यानं विचारलं, अगदी हळू आवाजात, की मग गाडी पुसायची कशानं. प्रियंकानं दोरीकडं बोट दाखवलं.

“तो माझ्या अंगाचा हाय!”

“म्हणूनच चांगला हाय,” मंजुळाबाई म्हणाली. “तीन वर्षं मी त्येला सांभाळलंय.”

“अन् मी अंग कशानं पुसू?”

“सत्तेचाळीस हायेत की पेटीत. नवेकोरे.”

त्यानं बायकोकडं पाहिलं, मग दोरीवरच्या टॉवेलाकडं, मग गाडीकडं. माणूस इतका वेळ विचार करताना त्याच्या घरच्यांनी त्याला पूर्वी पाहिलेला नव्हता. जमीन घेतानासुद्धा नाही. शेवटी तो उठला, टर्किश टॉवेल दोरीवरून काढला आणि गाडीच्या टपावर ठेवला. घरातली कोणतीही गोष्ट त्यानं इतक्या हळुवारपणे कुठं ठेवली नव्हती.

सोमवारी सकाळी प्रियंका हिंगोलीला परत गेली, पण जाताना आईला सांगून गेली, की चांगला टॉवेल मिळाला म्हणून काम झालं असं नाही. आधी साधं पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यायची. टॉवेल गोल फिरवायचा नाही. आणि एकदा जमिनीवर पडला, की पुन्हा धुतल्याशिवाय गाडीला लावायचा नाही, मग तो कोणी का दिलेला असेना.

दुसऱ्या दिवशी गाडीवर पाणी सोडून झाल्यावर संतरामनं सवयीनं हात गोल फिरवायला सुरुवात केली.

“अवो, थांबा,” मंजुळाबाई म्हणाली. “लेकरू कधी पुसलंय का तुमी?”

“न्हाई.”

“ते दिसून राहिलं.” तिनं टॉवेल त्याच्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी पसरून बॉनेटवर ठेवला, वरून तळव्यानं नुसतं दाबलं आणि उचलला. पाणी टॉवेलात गेलं होतं, खाली काळ्या काचेसारखा रंग. “असं. टिपायचं. न्हाऊ घातलेलं लेकरू कोणी रगडून पुसतं का? कातडी निघंल त्येची.”

तिच्या बांगड्या गाडीला टेकल्या. दोघांनी पाहिलं. तिनंच त्या कोपराकडं सारल्या आणि पुढचं दार टिपायला घेतलं. रस्त्यावर नेहमीची माणसं थांबली होती. त्यांना आज दिसलं ते असं, की प्रगतिशील शेतकरी कडेला उभा आहे, हातात बादली, आणि बायको सांगेल तिथं पाणी ओततो आहे. त्याला मधूनमधून पाठ खाजवावी लागत होती. सकाळी अंघोळीनंतर त्यानं पेटीतला टॉवेल वापरून पाहिला होता.

बाजाराचा दिवस आला. संतरामनं आधी सांगून पाहिलं, की आज गर्दी फार असेल. मग म्हणाला, गाडीतून कसलातरी आवाज येतो आहे. मंजुळाबाईनं दोन्ही वेळा मान हलवली आणि चांगली साडी नेसली. बाहेर येऊन ती पुढच्या दाराशी उभी राहिली. संतरामनं आतून दार उघडलं. ग्यानोबा म्हणाला होता ते खरं होतं, दार घट्ट होतं.

मागच्या सीटवर विकायच्या भाजीच्या पिशव्या बसल्या. पुढं मंजुळाबाई.

काच एवढी मोठी असते हे तिला माहीत नव्हतं. रस्ता मागून बघताना बाजूनं निघून जायचा. इथून तो अंगावर यायचा, बैलगाडी यायची, बाभळीची झाडं यायची, एका माणसाच्या डोक्यावरची कडब्याची पेंढी तर थेट तिच्याकडंच आली आणि शेवटच्या क्षणाला वळली. तिला सगळं एकदाच बघून घ्यायचं होतं.

फाट्यावर ग्यानोबा उभा होता. त्यानं सवयीनं पुढच्या दाराच्या हँडलला हात घातला, आत पाहिलं, आणि हात काढला.

“वैनी, तुमी?”

“व्हय भावजी. मागं बसा. अन् अंगठी जपून.”

ग्यानोबानं संतरामकडं पाहिलं. संतरामचं तोंड अर्धं उघडलं. ‘तू जरा मागं’ एवढे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेले मंजुळाबाईला स्पष्ट दिसले. इथून नवऱ्याचं तोंड दिसत होतं, मान नाही. तिनं त्याच्याकडं बघत पदर सारखा केला आणि वाट पाहिली. संतरामनं तोंड मिटलं, आरसा सारखा केला, जो सारखाच होता.

“बस की मागं,” तो म्हणाला. “कोथिंबिरीची पिशवी मांडीवर घे.”

गाडी निघाली. ग्यानोबाला मागं झोप येईना. त्यानं दोन सीटांच्या मधून डोकं पुढं काढलं. एक ट्रॅक्टर आला आणि त्यांना मागं टाकून गेला. मग एक जीप. मग शाळेचा मास्तर, जुन्या स्कूटरवर, बायकोला मागं बसवून. त्यानं जाताना हात केला.

मागून कधी हे दिसलंच नव्हतं. पाच महिने तिला वाटत होतं, की गाडी वाऱ्यासारखी पळते.

मंजुळाबाईनं स्टीअरिंगच्या मागच्या गोल तबकडीकडं पाहिलं. काटा थरथरत होता.

“हे तीस काय हाय?”

“वेग,” संतराम म्हणाला.

“अन् म्होरं एकशे ऐंशीपर्यंत आकडे हायेत. ते काहून लिवलेत?”

संतराम रस्त्याकडं बघत होता.

“ते शोभेला,” तो म्हणाला.

“असं व्हय,” मागून ग्यानोबा म्हणाला. “मी बी इचारणारच होतो.”